सीपॅपला ऑक्सिजनची नळी जोडण्याआधी

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ज्यांना जमलं त्यांनी घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून ठेवले. लाट ओसरली, मशिनं माळ्यावर गेली किंवा कोपऱ्यात चादर पांघरून उभी राहिली. आता अशाच एखाद्या घरात कुणाला तरी स्लीप अ‍ॅप्निया निघतो. सीपॅप येतं. काळजीपोटी रात्री बायको किंवा मुलगा बोटाला ऑक्सिमीटर लावून बघतो, तर आकडा ८५. मग साहजिकच मनात येतं, की कॉन्सन्ट्रेटर घरातच आहे, त्याची नळी सीपॅपला जोडून टाकू. मायेने आलेला हा विचार काही रुग्णांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो. म्हणून ही जोडणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये, आणि चिठ्ठी असली तरी काय जोडतो आहोत हे घरातल्या निदान एका माणसाला नीट समजलेलं असावं.

दोन उपचार, दोन वेगळी कामं

नेहमीच्या स्लीप अ‍ॅप्नियात मूळ दोष फुप्फुसात नसतो, घशात असतो. झोप लागली की जिभेचे आणि टाळूचे स्नायू सैल पडतात, घशातली वाट चिंचोळी होते आणि अधूनमधून पूर्ण मिटते. छाती-पोट हलत असतं, श्वास घ्यायची धडपड चालू असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून बरंच जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, घोरण्याचा एक मोठा आवाज येतो, वाट उघडते आणि माणूस पुन्हा झोपेत जातो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. श्वास असा अडण्याच्या किंवा फार कमी होण्याच्या घटना तासाला किती, हे स्लीप स्टडीच्या रिपोर्टवर एएचआय या आकड्याने लिहितात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र.

सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सीपॅपचा उपाय पहिल्यांदा मांडला. नाकावाटे सतत दाबाने हवा सोडायची, म्हणजे घशाच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. आजही तत्त्व तेच आहे. मशीन खोलीतलीच हवा आत ओढतं, गाळतं आणि ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने मास्ककडे पाठवतं. या हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, तुमच्या-आमच्या श्वासात असतो तितकाच. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन, असा समज बऱ्याच घरांत आहे. तो खरा नाही. सीपॅप वाट उघडी ठेवतं. वाट उघडी राहिली की निरोगी फुप्फुसं त्याच हवेतून पुरेसा ऑक्सिजन घेतात.

ऑक्सिजनचं काम याच्या उलट आहे. तो आत जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतो, पण मिटलेला घसा उघडू शकत नाही. नुसता ऑक्सिजन लावून झोपलेल्या अ‍ॅप्नियाच्या रुग्णाचा आकडा छान दिसतो, पण श्वास अडायचा तो अडतोच. काहींमध्ये तर प्रत्येक अडणं आणखी लांबतं, कारण ऑक्सिजन उतरल्यावर मेंदूला मिळणारी धोक्याची सूचना आता उशिरा मिळते. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या आणि अ‍ॅप्निया असलेल्या तीनशेहून अधिक रुग्णांना तीन गटांत वाटलं होतं: एका गटाला सीपॅप, दुसऱ्याला फक्त रात्रीचा ऑक्सिजन, तिसऱ्याला आरोग्याची माहिती आणि सल्ला. बारा आठवड्यांनी चोवीस तासांचा रक्तदाब मोजला तेव्हा तो सीपॅपच्या गटात उतरलेला दिसला. ऑक्सिजनच्या गटात तसा फायदा दिसला नाही. रात्रीचा ऑक्सिजन त्या गटातही सुधारला होता, तरीही. मास्क सोसत नाही म्हणून सीपॅप बाजूला ठेवून नुसती नाकातली ऑक्सिजनची नळी लावून झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ऑक्सिमीटरला न दिसणारी गोष्ट

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, एवढा भाग मात्र लक्षात ठेवा. आपण श्वासाने दोन कामं करतो: ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बोटावरचा ऑक्सिमीटर फक्त पहिल्या कामाचा हिशेब दाखवतो. झोपेत श्वास उथळ झाला तर दोन्ही बिघडतात. ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. साध्या हवेवर असताना ऑक्सिमीटरचा उतरलेला आकडा आपल्याला निदान सावध तरी करतो. ऑक्सिजन सुरू केला की आकडा ९५ होतो, घरचे निर्धास्त झोपतात, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र तसाच चढत राहतो. ज्यांच्या शरीरात तो आधीपासूनच साठत असतो त्यांच्यात जादा ऑक्सिजनमुळे श्वासाची ओढ कमी होते, फुप्फुसातलं रक्त आणि हवेचं गणित बिघडतं आणि साठवण आणखी वाढते. पहिली खूण सकाळची डोकेदुखी. मग न जाणारी गुंगी, बोलण्यात विसंगती, पसरलेल्या हातांची फडफड. पुढची पायरी बेशुद्धी.

हा धोका कुणाला जास्त? ज्यांचं वजन खूप आहे, म्हणजे बीएमआय ३०च्या पुढे, आणि दिवसा जागेपणीही ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या ४५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, त्यांच्या आजाराला लठ्ठपणामुळे होणारं श्वासाचं अपुरेपण म्हणतात. यातल्या बहुतेकांना अ‍ॅप्नियाही असतो. दुसरा मोठा गट सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या रुग्णांचा. विडी-सिगारेट ओढणारे त्यात आलेच. पण आपल्याकडे आयुष्यभर चुलीपुढे बसून शेणी-लाकडांचा धूर गिळलेल्या बायका या गटात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचं निदान फार उशिरा होतं. ‘मी कधी विडी ओढली नाही’ असं आजी सांगतात आणि फुप्फुसाची तपासणी राहूनच जाते. सीओपीडी आणि अ‍ॅप्निया एकत्र असले तर रात्रीचा ऑक्सिजन एकट्या आजारापेक्षा खूपच जास्त घसरतो. पाठीला मोठं कुबड असलेले, स्नायूंचा आजार असलेले, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं किंवा झोपेच्या गोळ्या घेणारे, हेही याच रांगेत.

म्हणून ऑक्सिजन सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘यांचा कार्बन डायऑक्साइड तपासला का?’ साध्या शिरेतल्या रक्ताच्या तपासणीत बायकार्बोनेट २७ किंवा त्याहून जास्त आलं तर शंका घ्यायला जागा असते. मग मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी करतात. सुई थोडी दुखते, पण त्या एका तपासणीवर उपचाराची दिशा ठरते. कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर काहींना योग्य दाबाचं सीपॅपच पुरतं. काहींना बायपॅप लागतं, जे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देऊन प्रत्येक श्वास मोठा करतं. अशा माणसाला बायपॅपची गरज असताना सीपॅपवर ऑक्सिजन चढवत जाणं म्हणजे चुकीचा उपचार जास्त प्रमाणात देणं.

आकडा का उतरतो, ते आधी शोधा

सीपॅप लावूनही रात्री ऑक्सिजन कमी दिसत असेल तर बहुतेकदा कारण ऑक्सिजनच्या तुटवड्याचं नसतं, सीपॅप नीट काम करत नसल्याचं असतं. मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर तीन गोष्टी दिसतात: किती तास वापरलं, मास्कमधून हवा किती गळते आणि एएचआय किती राहिला. पहिल्यांदा त्या बघा. दाढीमुळे, सैल पट्ट्यांमुळे, झिजलेल्या सिलिकॉनमुळे हवा गळते. नाकाचा मास्क असेल आणि तोंड उघडं पडत असेल तर दाब तोंडावाटे निघून जातो. रात्री दोन वाजता मास्क काढून फेकला असेल तर पहाटेचा घसरलेला आकडा सीपॅपचा नव्हेच. वजन वाढलंय का, रात्री दारू घेतली होती का, झोपेची गोळी नव्याने सुरू झाली का, माणूस पाठीवर उताणा झोपला होता का, हेही विचारा. एएचआय अजून १५-२० दिसत असेल तर दाब अपुरा आहे किंवा प्रकार वेगळा आहे. काहींमध्ये घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाचा आदेशच अधूनमधून येत नाही. हृदय कमजोर असलेल्यांत हा प्रकार जास्त आढळतो आणि त्याचा उपचार निराळा असतो.

ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको. नेलपॉलिश, गडद मेंदी, गार पडलेली बोटं, झोपेत झालेली हालचाल यांनी आकडा बिघडतो. गडद त्वचेवर हे यंत्र काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हे करोनाकाळात अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून पुढे आलं. आपल्याकडच्या रंगाच्या माणसांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रात्री मध्येच उठून बघितलेल्या एका आकड्यावरून काहीही ठरत नाही. रात्रभराची नोंद साठवणारा ऑक्सिमीटर मिळतो. तो एक-दोन रात्री लावून त्याचा आलेख डॉक्टरांना दाखवावा. करवतीच्या दात्यांसारखा खाली-वर जाणारा आलेख म्हणजे घसा अजून मिटतोय. तासन् तास खालीच राहिलेली सपाट रेघ म्हणजे श्वास उथळ आहे किंवा फुप्फुस-हृदयाचा स्वतंत्र आजार आहे. दोन्हींचा सरासरी आकडा सारखा येऊ शकतो, उपचार मात्र वेगळे.

ऑक्सिजन खरंच लागतो का, हे ठरवण्याची उत्तम जागा म्हणजे स्लीप लॅब. तिथे तंत्रज्ञ रात्रभर जागून सीपॅपचा दाब हळूहळू वाढवतो. श्वास अडणं थांबल्यावरही ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली सलग पाच मिनिटं राहिला, तर मिनिटाला १ लिटरपासून ऑक्सिजन सुरू करतात. मग निदान १५ मिनिटं वाट बघून पुढची वाढ करतात, आकडा ८८ ते ९४च्या दरम्यान येईपर्यंत. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली घालून दिलेली ही पद्धत आहे. बघा, लक्ष्य ९९ नाही. घरी मात्र आपण ९८-९९साठी फ्लोमीटरची, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणारी, कळ फिरवत राहतो. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांसाठी तर ८८ ते ९२ हेच लक्ष्य डॉक्टर ठेवतात. फ्लोमीटर हे औषधाचं माप आहे. खोकल्याचं औषध दोन चमचे सांगितलं तर आपण अर्धी बाटली देत नाही.

चिठ्ठीवरचे २ लिटर आणि फुप्फुसात पोहोचणारा ऑक्सिजन

चिठ्ठीवर ‘सीपॅपसोबत ऑक्सिजन २ लिटर’ असं लिहिलेलं असतं. हे दोन लिटर सीपॅपच्या वाहत्या हवेत मिसळून पातळ होतात. मास्कवर जी बारीक छिद्रं असतात त्यांतून सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून हवा सतत वाहत असते, १० सेंटिमीटर दाबाला मिनिटाला साधारण ३० लिटरच्या आसपास. त्यात २ लिटर ऑक्सिजन मिसळला तर ढोबळ हिशेबाने मिश्रणात तो २६ टक्क्यांच्या जवळपास भरतो. दाब वाढला की हवा जास्त वाहते आणि ऑक्सिजन आणखी पातळ होतो. मास्क गळायला लागला तरी तेच. म्हणजे चिठ्ठीवरचे दोन लिटर तेच, पण सोमवारच्या रात्री आणि मंगळवारच्या रात्री फुप्फुसात वेगवेगळं प्रमाण जाऊ शकतं.

यातून काही नियम आपोआप निघतात. दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन असेल तर ऑक्सिजन सुरू करताना दाब एका जागी पक्का ठेवावा का, ते डॉक्टरांना विचारा; बरेच जण तसं करतात. मास्कचा प्रकार बदलला, मशीन बदललं, दाब बदलला, तर रात्रभराची ऑक्सिमीटरची नोंद नव्याने घ्या. आणि आकडा उतरलेला दिसला म्हणून लिटर वाढवण्याआधी मास्क तपासा.

जोडणी करताना

पुष्कळ घरांत, आणि काही वॉर्डांतही, नाकात ऑक्सिजनची नळी घालून तिच्यावर सीपॅपचा मास्क बांधलेला दिसतो. ही पद्धत चुकीची आहे. नळीमुळे मास्कची कड गालावर बसत नाही, हवा गळते, दाब कमी होतो आणि मग दोन्ही उपचार अर्धवट होतात. योग्य पद्धत अशी: सीपॅपच्या हवा बाहेर येण्याच्या तोंडाला एक छोटा टी-जोड लावायचा, त्याच्या बाजूच्या तोटीला ऑक्सिजनची बारीक नळी आणि पुढच्या तोंडाला मास्ककडे जाणारी जाड नळी. हा जोड वैद्यकीय साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. काही मास्कनाही बाजूला छोटी तोटी असते. ती वापरायची असेल तर डॉक्टर किंवा तंत्रज्ञाला विचारून, आणि वापरायची नसेल तर तिचं टोपण घट्ट लावलेलं हवं. जाड नळी आतून तापणारी असेल, म्हणजे तिच्या टोकाला विजेच्या पिना असतील, तर साध्या टी-जोडाने तो विजेचा संपर्क तुटतो. अशा वेळी त्या मशीनसाठीचा खास जोड घ्यावा किंवा साधी नळी वापरावी. काही कंपन्या मधे एक झडपही बसवायला सांगतात, ऑक्सिजन मशीनकडे उलटा जाऊ नये म्हणून. जास्तीत जास्त किती लिटर चालतो, हे मशीनच्या पुस्तिकेत असतं. एवढं पान तरी वाचाच.

कॉन्सन्ट्रेटर सतत प्रवाह देणारा हवा. प्रवासात खांद्याला अडकवायचे जे छोटे पोर्टेबल मिळतात, त्यांतले बरेच फक्त नाकाने श्वास ओढल्याची चाहूल लागली की झटका देतात. सीपॅपच्या वाहत्या हवेत त्यांना श्वास ओळखूच येत नाही, म्हणून ते इथे निरुपयोगी ठरतात. करोनात घेतलेला जुना कॉन्सन्ट्रेटर वापरणार असाल तर आधी त्याची शुद्धता मोजून घ्या. यंत्रातले झिओलाइटचे कण हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, आणि वर्षानुवर्षं दमट हवेत बंद पडून राहिले तर हे कण निकामी होतात. यंत्र आवाज करतं, फ्लोमीटरचा गोळाही वर तरंगतो, पण बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या पुढे असायला हवा तो ६०-७०च असू शकतो. विक्रेते किंवा दुरुस्ती करणारे ऑक्सिजन अ‍ॅनलायझर लावून हे पाच मिनिटांत सांगतात. कोकणात पावसाळे काढलेल्या यंत्रांच्या बाबतीत तर ही तपासणी चुकवूच नका.

नळीतून ऑक्सिजन येतो की नाही हे बघायला नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे दिसले पाहिजेत. फ्लोमीटरचा गोळा डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचा. गोळ्याचा मध्य रेघेवर हवा. सीपॅपमध्ये पाण्याची गरम टाकी असेल तर कॉन्सन्ट्रेटरची बुडबुड्यांची बाटली सहसा लागत नाही, उलट तिच्या सैल झाकणातून ऑक्सिजन गळतो.

आणि हा क्रम पाठ करा. झोपताना आधी सीपॅप सुरू, हवा वाहू लागली की मग ऑक्सिजन. उठताना आधी ऑक्सिजन बंद, मग सीपॅप. मधे बाथरूमला जाताना मशीन बंद करणार असाल तरी हाच क्रम. सीपॅप बंद असताना ऑक्सिजन वाहत राहिला तर तो मशीनच्या आत साठतो, जिथे मोटर आणि तारा आहेत. आगीला याहून काय लागतं?

देवघर, डास आणि नाकातलं तूप

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो भरपूर असला की एरवी नुसता धुमसणारा कापूससुद्धा भडकतो. पलंगावरची गोधडी, उशी, केस, दाढी, रात्रभर मास्कच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेत भिजत असतात. मास्क काढून गादीवर टाकला आणि ऑक्सिजन चालू राहिला तर तो अंथरुणात साठतो. घरात कुणीही त्या खोलीत विडी-सिगारेट ओढायची नाही, खिडकीशी उभं राहूनसुद्धा नाही. हा नियम पाहुण्यांनाही.

आपल्या घरांत याखेरीज वेगळे निखारे असतात. वन-रूम-किचनमध्ये देव्हारा पलंगाच्या उशाशीच असतो. समई, निरांजन, उदबत्ती, धूप तिथेच. संध्याकाळी धूप जाळून लगेच त्या खोलीत ऑक्सिजन सुरू करू नका. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. गॅसची शेगडी जवळ असेल तर पलंगाची जागा बदला.

नाक कोरडं पडतं म्हणून रात्री नाकपुडीत तूप किंवा खोबरेल सोडायची सवय अनेक वडीलधाऱ्यांना आहे. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काहीही चेहऱ्यावर नको: तूप नको, व्हॅसलीन नको, छाती-नाकाला चोळायचा बाम नको. कोरडेपणासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा पाण्यावर आधारलेलं जेल वापरा, आणि सीपॅपच्या टाकीची ऊब वाढवा. हाताला लावलेलं सॅनिटायझर पूर्ण सुकल्यावरच मास्कला हात लावा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला आणि रेग्युलेटरला कधीही तेल-ग्रीस लावायचं नाही, ते कितीही घट्ट बसलेलं असो.

लाइट गेली तर

रात्री वीज जाणं आपल्या गावांना नवं नाही. सीपॅप, टाकीची ऊब बंद ठेवली तर, बऱ्यापैकी कमी विजेवर चालतं; पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर मात्र सुमारे ३०० ते ४०० वॅट खातो. घरच्या १५० अ‍ॅम्पिअर-तासाच्या एका बॅटरीवर तो फार तर तीन-चार तास चालेल, तेही पंखे-दिवे बंद ठेवून. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा, नाहीतर कॉम्प्रेसर तापतो. म्हणून ज्यांना खरंच ऑक्सिजन लागतो त्यांनी एक लहान सिलिंडर भरून ठेवावा. आपल्याकडे मिळणाऱ्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने तो बारा तासांच्या आसपास पुरतो. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला असावा आणि रेग्युलेटर लावायचा सराव दिवसा करून ठेवावा. अंधारात पहिल्यांदा करायचं काम नव्हे ते.

वीज गेली आणि सीपॅपच बंद पडलं तर मास्क काढा आणि सिलिंडर चालू असेल तर तोही सीपॅपच्या जोडातून सोडवा. बंद मास्कमध्ये स्वतःचाच श्वास परत आत जात राहतो. अशा रात्री उशाशी दोन-तीन उश्या रचून, एका कुशीवर झोपवा. एखादी रात्र सीपॅपशिवाय गेली म्हणून त्याच्या जागी ऑक्सिजन मात्र नाकात वाढवून देऊ नका. कारण वर सांगितलंय.

पुढच्या भेटी

ऑक्सिजन सुरू झाल्यावर काही दिवसांतच रात्रभराच्या ऑक्सिमीटरची नोंद पुन्हा घ्या, आणि ज्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढलेला होता त्यांची एबीजीही. मग दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना मुद्दाम विचारा, की अजून लागतो का. लठ्ठपणामुळे श्वास अपुरा पडणाऱ्यांत काही आठवडे सीपॅप किंवा बायपॅप नियमित वापरलं की दिवसाचा कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ऑक्सिजनची गरज कमी होते, कधी पूर्ण संपते. पण चिठ्ठी बदलली नाही म्हणून कॉन्सन्ट्रेटर वर्षानुवर्षं चालूच, असं होऊ देऊ नका. सीओपीडीत ज्यांचा दिवसाही ऑक्सिजन खूप कमी असतो त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दिवसाला १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१च्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन अभ्यासांनी दाखवलंय. त्यांनी तो मनाने कमी करू नये.

विमानात केबिनमधली हवा साधारण अडीच हजार मीटर उंचीवर असावी इतकी विरळ असते, आणि लेह त्याहूनही वर. घरी रात्री ऑक्सिजन लागणाऱ्याने अशा प्रवासाआधी छातीच्या डॉक्टरांना भेटावं आणि विमान कंपनीला आधी कळवावं. स्वतःचा सिलिंडर विमानात सहसा नेता येत नाही.

सकाळी उठवूनही नीट जाग येत नसेल, बोलणं असंबद्ध असेल, ओठ निळसर असतील, सीपॅप आणि ऑक्सिजन दोन्ही चालू असूनही आकडा ८५च्या वर येत नसेल, तर १०८ला फोन करा. वाट बघताना सीपॅप किंवा बायपॅप चालूच ठेवा आणि ऑक्सिजनचे लिटर स्वतः वाढवण्याआधी फोनवर डॉक्टरांना विचारा.

मशीनच्या पिशवीत एक कागद कायम ठेवा. त्यावर आजारांची नावं, मशीन सीपॅप की बायपॅप, दाब किती, ऑक्सिजन किती लिटर, मास्कचा प्रकार, शेवटच्या एबीजीमधला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचं लक्ष्य मोठ्या अक्षरांत लिहा. कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर ‘जास्त ऑक्सिजन देऊ नका, लक्ष्य ८८ ते ९२’ ही ओळ लाल शाईने. अपघात विभागात दाखल करताना हा कागद पहिल्यांदा पुढे करा आणि घरचं मशीन सोबत न्या. मोतीबिंदूसारख्या छोट्या शस्त्रक्रियेतही गुंगीचं इंजेक्शन आणि नाकात ऑक्सिजन दिला जाऊ शकतो. तेव्हा भूलतज्ज्ञांनाही तोच कागद दाखवा, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी.